टिटवी ओरडली की

मुलांनो, नीट ऐका. डोंगराखालच्या जंगलात हरणांचा एक कळप राहत असे. त्या कळपाची एक रीत होती. पाणवठ्याच्या वाटेवर टिटवी ओरडली, की तो अपशकुन मानायचा. जागच्या जागी बसायचे, डोळे मिटायचे आणि ती गप्प झाली की मगच उठायचे. एका उन्हाळ्यात दोन पाडसे अशी बसल्या जागेवरून नाहीशी झाली. म्हातारा म्होरक्या म्हणाला, "बघा! अपशकुन खरा ठरला की नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

एका हरिणीला मात्र ते पटेना. गेलेल्यांतले एक तिच्या बहिणीचे होते आणि तिचे स्वतःचे पाडस अजून लटपटत चालत होते. ती तडक टिटवीकडे गेली. "का ग, आमचे वाईट का चिंततेस?"

टिटवी खडीतल्या अंड्यांवरून उठलीसुद्धा नाही. "मी कशाला चिंतू? माझा संसार असा उघड्यावर. बिबट्या दिसला की ओरडते, तो असेल तिथे वरून घिरट्या घालते. आणि तुम्ही मेल्यांनो, डोळे मिटून बसता! त्याला धावावेही लागत नाही."

हरिणी धावतच आपल्या पाडसाकडे परतली.

दुसऱ्या दिवशी वाटेत टिटवी ओरडली. "बसा!" म्होरक्या गरजला. कळप बसला. हरिणी उभीच राहिली. टिटवी वाळल्या गवताच्या एका बेटावर घिरट्या घालत होती. वारा पडलेला, तरी ते गवत हलले.

"खाली बस ग! सगळ्यांचा घात करशील."

"आजोबा, डोळे उघडा! तो दहा पावलांवर आहे!"

"माझ्या बापाने कधी शकुन मोडला नाही," म्हातारा म्हणाला, आणि त्याने डोळे अधिकच घट्ट मिटले.

हरिणीने पाडसाला ढुशी देऊन उठवले. "पळा!" ती किंचाळली. गवत दुभंगले. कळप उधळला तो माळ ओलांडूनच थांबला. पाडस अंगाला चिकटून धापा टाकत होते. हरिणीने मागे पाहिले. म्होरक्या बसल्या जागीच होता आणि बिबट्याचा जबडा त्याच्या मानेवर होता. वर टिटवी अजून ओरडत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळा कळप टिटवीकडे बघत होता.

तात्पर्य : शकुन म्हणजे खूण. खूण मिळाली की डोळे उघडून बघावे. मिटून बसणाऱ्याला ती वाचवत नाही.