घाटातला गालिचा

घाटात गिअर करकरला आणि स्टिअरिंगवरच्या उकिडवे सरांनी बाजूला बसलेल्या रावसाहेबांकडे चोरून पाहिलं. गाडी जुनी होती, पण व्याह्यांची. आणि व्याही निवृत्त न्यायाधीश!

“गिअरबॉक्स मोडलात, प्रोफेसर! दोषी इथेच उतरेल आणि चालत जाईल,” रावसाहेब गरजले.

शेजारी दरी, दिवस मावळतीला. सरांनी गाडी कडेला थांबवून इंजिन बंद केलं. गिअर अलगद पडला. इंजिन चालू करताच पुन्हा करकर. म्हणजे क्लच पुरता दाबला जात नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं, तर पेडलखाली रावसाहेबांनी हौसेने अंथरलेला जाड गालिचा! तो ओढून काढताच चालू इंजिनवरही गिअर मुकाट पडला.

“गालिचा मी घातला, म्हणून मला उतरवणार?”

सर गालिचा गुंडाळू लागले. “छे, रावसाहेब! दोषी गालिचा, तोच उतरेल. जामीन राहत असाल, तर मांडीवर घ्या.”

रावसाहेबांनी गालिच्याची गुंडाळी मांडीवर घेतली.