आखूड मानेची गिटार

हे कुणाला सांगायचं नाही, असं खारीने मला बजावलं होतं. तरी सांगते.

फार वर्षांपूर्वी एका रानात कासवकाका गिटारी बनवत. खार जाड आवाजाची बेस गिटार घ्यायला आली, तेव्हा त्यांनी तिचा पंजा मोजला आणि आखूड मानेची, चार तारांची गिटार पुढे केली.

"ही तर पिल्लांची! सगळे हसतील," म्हणत खारीने पाच तारांची, सर्वांत लांब गिटार उचलली.

"घे बाई. पण जी तार वाजवायची नाही, तिच्यावर बोट टेकवून ठेवायला शीक. नाहीतर ती घुमत राहते."

खार ते शिकलीच नाही. ती नुसता आवाज वाढवत गेली.

मोराच्या लग्नात वाजवताना तिचा पंजा मानेवरच्या लांबच्या पडद्यांपर्यंत पोचेना. मोकळ्या तारा घुमू लागल्या. ठेका चुकला आणि नाचणारा मोर स्वतःच्याच पिसाऱ्यावर पाय देऊन पडला.

"काकांनी मला खराब गिटार दिली!" खार सगळ्यांदेखत ओरडली.

कासवकाका पुढे आले. त्यांनी तीच गिटार घेतली, तारांवर हलकेच बोटं टेकवली आणि वाजवली. एकही जादा तार घुमली नाही. खारीने शेपटीत तोंड लपवलं.

तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी काकांच्या दारात गेली. माझा, म्हणजे खारीचा, पंजा दोनदा कडीपर्यंत जाऊन मागे आला. दार उघडल्यावर ती म्हणाली, "काका, गिटार चांगलीच होती, मीच सगळ्यांसमोर तुम्हाला..."

आई हाक मारतेय. गिटारचे सर आलेत, आणि मला त्यांना आधी 'सॉरी' म्हणायचंय.