दाणे घालणाऱ्याची कोंबडी

सूनमुखाच्या पैशांतून मी बाजारातून कोंबडीची पिल्लं आणली आणि पाटीखाली बल्बच्या उबेला ठेवून वाढवली. ती अंड्यावर आली, तेवढ्यात गावाचे तंटे सोडवणारे माझे सासरे पाहुण्यांसाठी सुरी घेऊन आले.

"मामंजी, त्या माझ्या आहेत," मी म्हटलं.

"आणल्यास तू, पण वाढल्या आमच्या दाण्यांवर. दाणे घालणाऱ्याची कोंबडी, हा माझा न्याय!"

रागानं माझे कान तापले. पदर खोचून मी म्हटलं, "मग मी वाढले बाबांच्या दाण्यांवर. तुमच्या न्यायानं मी त्यांचीच. करा माझी पाठवणी, आणि पाहुण्यांच्या भाकरी तुम्हीच थापा!"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजींनी सुरी खाली ठेवली. पाहुण्यांना पिठलं वाढलं. तिखट मात्र मी रागातच घातलं होतं.