येसबाच्या नावेतले तीन उतारू

उंबरघाट नावाच्या गावी येसबा नावाचा नावाडी राहत असे. गावापुढून रेवणा नदी वाहायची. अलीकडचा काठ चंदनगडच्या राज्यात होता, पलीकडचा कुंभेरीच्या. चंदनगडचे बहुतेक लोक देवापुढे दिवा लावून प्रार्थना करीत. त्यांना दीपपंथी म्हणत. कुंभेरीचे बहुतेक लोक देवाला पाणी वाहत. ते जलपंथी. दोन्हीकडे दुसऱ्या पंथाची थोडीफार घरे होतीच. सोयरीक कुणी करत नसे, पण बाजाराला, जत्रेला, एकमेकांच्या आजारपणात माणसे नदी ओलांडत आणि येसबा त्यांना पोहोचवी.

येसबा दीपपंथी होता. पलीकडच्या काठावरचा जलपंथी कुंभार हरबा त्याचा वीस वर्षांचा स्नेही. येसबाच्या बायकोला, पारूला, कसा माठ लागतो हे हरबाला न सांगता ठाऊक असे.

चंदनगडच्या भद्रसेन राजाचे राज्य नीट चालत नव्हते. दोन वर्षे विहिरी आटल्या होत्या. लोक उघड कुरकुरू लागले होते. तेव्हा प्रधान रुद्रपाल राजाला म्हणाला, "महाराज, लोक आपल्या विहिरींकडे बघताहेत. त्यांना नदीपलीकडे बघायला लावू या."

राजधानीतल्या मोठ्या मंदिराचा महंत मग रोज सांगू लागला, की पलीकडे आपल्या दिव्याचा अपमान होतो आहे. कुठे होतो, कोण करतो, हे कुणी विचारले नाही. डोंगरात एक मठ उभा राहिला. तिथे तरुणांना प्रार्थना शिकवत आणि माणूस मारायलाही शिकवत. राजाला हे सगळे माहीत होते. त्याने त्याबद्दल कुठे काही लिहून ठेवले नाही, इतकेच.

कुंभेरीच्या जलयात्रेचा दिवस आला. सकाळी घाटावर स्वतः राजधानीचा कोतवाल आला. त्याच्याबरोबर तीन तरुण होते. खांद्यावर गाठोडी, कपाळाला ओले गंध, यात्रेकरूंसारखे.

"यांना पलीकडे सोड, आणि परत येईपर्यंत तिथेच थांब," कोतवाल म्हणाला.

नावेत तिघे गप्प होते. धाकटा विशीचाही नसेल. येसबाला वाटले, पोरगा पाण्याला घाबरला आहे. त्याला बोलते करावे म्हणून तो म्हणाला, "पहिल्यांदाच चाललात का जत्रेला?"

"हो काका. किती माणसं येतात?"

"दोन-तीन हजार तरी. जेवायचं असेल तर दुपारी मोठ्या मांडवात जा. बायका-पोरांची पंगत तेव्हाच बसते. कुणालाही पोटभर वाढतात, कुठला म्हणून विचारत नाहीत."

धाकट्याने मान हलवली.

पलीकडे त्यांना उतरवून येसबा काठावरच्या सावलीत बसून राहिला. दुपार टळली तेव्हा तिघे परत आले. ते पळत नव्हते, चालत होते. गाठोडी जवळ नव्हती. थोरला म्हणाला, "चला."

नाव नदीच्या मध्यावर आली तेव्हा येसबाला पलीकडच्या झाडांवरून धूर वर येताना दिसला. त्याने वल्हे थांबवले.

"तिकडे आग लागलीय," तो म्हणाला.

"लागलीय," थोरला म्हणाला. "तुम्ही वल्हवा."

धाकटा वाकून पाण्यात हात धूत होता. त्याच्या हातांचा तेलाचा वास येसबापर्यंत आला. मग वाऱ्याबरोबर माणसांचा आवाज आला. जत्रेचा आवाज येसबाच्या कानांना ओळखीचा होता. हा तो नव्हता.

"काय केलंत तुम्ही?"

"धर्माचं काम," थोरला म्हणाला.

धाकट्याने ओले हात उपरण्याला पुसले. "वेळ तुम्हीच सांगितलीत, काका."

येसबाला पुढचे फारसे आठवत नसे. त्याने नाव अलीकडे आणली खरी. घाटावर कोतवाल तीन घोडे घेऊन उभा होता. घोड्यांवर राजवाड्यातल्या झुली होत्या. तिघे घोड्यांवर बसून गेले. कोतवाल येसबाच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज तू नाव काढलीच नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मांडवाची दोन्ही दारे बाहेरून दोराने बांधून टाकली होती. वरच्या गवतावर तेल ओतले होते. त्रेसष्ट माणसे गेली. हरबाची मुलगी केतकी माहेरपणाला आली होती. ती पंगतीत वाढत होती. तीही गेली.

राजधानीतून दवंडी आली. भद्रसेन महाराजांना फार दुःख झाले आहे, या कृत्याशी चंदनगडचा काही संबंध नाही, असे तिच्यात सांगितले होते. ती ऐकून येसबा घरी निघाला, तर वाटेत भागुजी भेटला. भागुजी गरीब स्वभावाचा माणूस, मुंगीही चुकवून चालणारा. त्याच्या हातात गुळाचे ताट होते.

"तोंड गोड कर, येसबा."

"कशाबद्दल?"

"कळलं नाही का? त्यांचे साठ-सत्तर गेले."

येसबाने गुळाला हात लावला नाही. याच भागुजीचा पाय मोडला होता, तेव्हा हरबाने त्याला महिनाभर घरी ठेवून घेतले होते. केतकीने त्याला भाकऱ्या करून घातल्या होत्या.

"केतकी गेली त्यात," येसबा म्हणाला.

भागुजीचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो म्हणाला, "वाईट झालं. पण एकट्या तिच्याकडे बघून कसं चालेल?" आणि ताट घेऊन तो पुढच्या दाराशी गेला.

येसबाने घरी येऊन पारूला सगळे सांगितले. पारू भिंतीला टेकून खाली बसली.

"तुम्ही नेलंत त्यांना?"

"मीच नेलं. पंगतीची वेळही मीच सांगितली."

पारूने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणजे हे जाऊन सांगणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

"सांगितलं तर इथे परत येता यायचं नाही."

"इथे गूळ वाटतायत," पारू म्हणाली आणि उठून आवराआवर करू लागली.

पहाट होताच दोघांनी नदी ओलांडली.

कुंभेरीवर वत्सला राणीचे राज्य होते. येसबा दरबारात उभा राहिला. तीन तरुण, कोतवाल, राजवाड्याच्या झुली, नावेतले बोलणे, सगळे त्याने सांगितले. वेळ आपणच सांगितली, हेही लपवले नाही. दवंडीवर विश्वास ठेवावा असे म्हणणारे दोन वृद्ध सरदार होते. त्यांनी माना खाली घातल्या.

सेनापती वीरबाहू पुढे आला. "एवढंच सांगून भागणार नाही," तो म्हणाला. "आमच्या शहरात दीपपंथीयांची दिवेआळी आहे. या तिघांना तिथेच कुणीतरी आसरा दिला असणार. तसं सांग."

येसबाला आधी उमगले नाही. मग बाहेरचा गलका त्याच्या कानी आला. शेकडो लोक काठ्या आणि कोयते घेऊन दिवेआळीच्या तोंडाशी जमले होते. आत चाळीस घरे होती. लोक फक्त एका शब्दाची वाट बघत होते आणि तो शब्द सेनापतीला येसबाच्या तोंडून हवा होता.

तो हादरून गेला. काल गूळ वाटणाऱ्यांना सोडून तो इथे आला होता. इथेही बोलणे तेच निघाले होते.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या नावेतून आले, माझ्या नावेतून गेले. सकाळी आले, दुपारी परतले, रात्र इथे काढली नाही. मग आसरा कशाला लागेल?"

"तुझ्या पंथाचे म्हणून वाचवतोयस."

"वाचवायचं असतं तर घरी बसलो असतो, सरकार."

सेनापती तलवारीच्या मुठीला हात लावून म्हणाला, "मग तुलाच आधी धरायला हवं. नाव तुझी होती."

"धरा. त्याला माझी ना नाही. पण मी तीन पोरं आणि एक कोतवाल सांगितला. त्यात चाळीस घरं घालू नका."

राणी आतापर्यंत ऐकत होती. लोक चिडलेले होते, सेनापती चिडलेला होता, आणि एक शब्द उच्चारला तर सगळे राज्य तिच्या पाठीशी उभे राहिले असते. तिला हे कळत होते. ती सिंहासनावरून उठली, पायी दिवेआळीच्या तोंडाशी गेली आणि जमावाच्या समोर उभी राहिली. पंगतीत वाढणारा तिचा सख्खा मामा त्या मांडवात मेला होता. ते सगळ्यांना माहीत होते.

"आत जायचं असेल तर मला बाजूला सारून जा," ती म्हणाली.

कुणी पुढे आले नाही. हळूहळू लोक पांगले.

मग तिने हरबाला बोलावणे पाठवले. तो आला. दोन दिवसांत तो वाकला होता. राणीने विचारले, "हरबा, हा नावाडी तुझा स्नेही. याने त्यांना आणलं, न कळून का होईना. याला काय शिक्षा करू?"

येसबाला त्याच्याकडे बघवेना.

हरबा म्हणाला, "शिक्षा नको. त्याला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं." त्याने येसबाकडे पाठ फिरवली. "पण त्याला माझ्या दारात येऊ देऊ नका."

आणि तो निघून गेला.

राणीने भद्रसेनाला पत्र लिहिले. ते तिने आजूबाजूच्या सगळ्या राज्यांच्या दरबारांत वाचायला दिले. कोतवालाचे नाव त्यात होते, झुलींचे वर्णन होते. तिघांना आणि त्यांना पाठवणाऱ्यांना हवाली करा, तोवर चंदनगडचा व्यापार बंद, असे तिने कळवले. पत्रात दीपपंथाबद्दल एक अक्षर नव्हते. त्यामुळे इतर दीपपंथी राजांनाही भद्रसेनाची बाजू घ्यायला तोंड राहिले नाही.

भद्रसेन घाबरला. त्याने प्रधानाला सांगितले, "त्या तिघांना पकड आणि देऊन टाक. आपल्या अंगाशी यायला नको."

पण मठात आता तीन नव्हते, तीनशे होते. महंताने मंदिराच्या पायरीवरून सांगितले, की राजाने धर्म सोडला. एवढे पुरले. तीनशे तरुण भर दुपारी डोंगर उतरून राजधानीत आले. राजवाड्याची दारे कोतवालानेच त्यांना उघडून दिली. रुद्रपाल प्रधान दरबारातच मारला गेला. त्याला मारणाऱ्यांत तो धाकटा होता.

राजा सिंहासनाजवळ उभा राहून बघत होता. शेवटी तो म्हणाला, "अरे, पण मी तुम्हाला पलीकडच्यांसाठी तयार केलं होतं."

"आम्हाला धर्मासाठी तयार केलं होतं," धाकटा म्हणाला. "पलीकडचे आणि अलीकडचे, हे आम्ही ठरवू."

त्यांनी राजाला डोंगरातल्या मठात कोंडून ठेवले. पुढे त्याचे काय झाले ते कुणाला कळले नाही. चंदनगडमध्ये मात्र दिव्यात कुठले तेल घालता यावरून माणसे मरू लागली. कुणाची वात चुकीची, कुणाची प्रार्थना अपुरी. मठातले तरुण उंबरघाटला आले तेव्हा भागुजीने त्यांच्यापुढे हात जोडले. त्याच्या घरात जलपंथी कुंभाराचे माठ सापडले. तेवढ्यावरून त्याचे घर जाळले.

एका सकाळी कुंभेरीच्या काठावरून दिसले, की उंबरघाटच्या काठावर दीड-दोनशे माणसे उभी आहेत. बायका कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या. मागे गाव जळत होते. कुंभेरीचे लोक काठावर जमले. कुणीतरी म्हणाले, "यांनीच गूळ वाटला होता." ते खरे होते. कुणी नाव सोडायला तयार होईना.

येसबा आणि पारू तोवर दिवेआळीत राहत होते. येसबा आपल्या नावेशी गेला, पण नदी चढली होती आणि भरलेली नाव एकट्याने आणणे शक्य नव्हते. त्याने काठावरच्या लोकांकडे पाहिले. लोकांनी नजर फिरवली.

गर्दीतून हरबा पुढे आला. वर्ष झाले होते, तो येसबाशी बोलला नव्हता.

"त्यात लेकरं आहेत का?" त्याने विचारले.

"आहेत."

हरबाने धोतराचा काचा मारला, दुसरे वल्हे उचलले आणि नावेत चढला. त्या दिवशी दोघांनी अकरा खेपा केल्या. पाचव्या खेपेनंतर आणखी दोन नावा पाण्यात उतरल्या. भागुजी सातव्या खेपेला आला. त्याने हरबाला ओळखले आणि नावेत बसायला कचरला. हरबाने हात दिला, पण त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही.

शेवटची खेप झाल्यावर हरबाने वल्हे काठावर ठेवले आणि घरी गेला. त्यांचा पूर्वीचा स्नेह परत आला नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा घाटावर आला, कारण पलीकडे अजून माणसे उभी होती.

तात्पर्य: धर्माचे नाव घेऊन जो शेजाऱ्याकडे मारेकरी धाडतो, तो आपले राज्यही त्यांच्याच हाती देऊन बसतो, आणि ज्याला न्याय हवा आहे त्याने गुन्हेगाराचे नाव न भिता घ्यावे, पण त्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्या सगळ्या पंथाला धरू नये.