मयेकरांची प्रवाळाची टाकी

कोकणातल्या एका बंदरगावी लहानसे मत्स्यालय होते. तिथल्या सगळ्यात मोठ्या टाकीत समुद्राच्या पाण्यात प्रवाळ ठेवले होते. वादळात खडकावरून तुटून किनाऱ्याला लागलेले ते तुकडे तिथेच काम करणाऱ्या यमुनाबाई केळुसकरांनी आणून जगवले होते. मत्स्यालयाचे प्रमुख होते भार्गव मयेकर. माणूस प्रेमळ, पण धीर म्हणून नाही.

प्रवाळ वाढते ते पाण्यातले क्षार घेऊन. त्यामुळे टाकीतल्या पाण्याची क्षारता हळूहळू उतरते, आणि रोज थोडा सोडा विरघळवून ती भरून काढावी लागते. काम एवढेच, पण ते रोज करावे लागते, आणि मयेकरांना नेमके तेच जमत नसे. टाकी आपली जबाबदारी म्हणून दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नसत आणि स्वतः आठवडाभर फिरकत नसत. मग एकदम आठवण होई. पाणी तपासून ते कपाळाला हात लावत आणि सगळी कसर एका दमात भरून काढायला भसाभसा सोडा ओतत. पाणी दुधासारखे गढूळ होई. ते पाहून घाबरत आणि सोड्याचा जोर मारायला वर व्हिनेगर ओतत. प्रवाळ बिचारे अंग चोरून बसत.

यमुनाबाईंनी समजावून पाहिले, चिडून पाहिले, शेवटी बोलणेच सोडून पाहिले. मयेकर दरवेळी मान डोलावत आणि उद्यापासून नियमित करतो म्हणत. तो उद्या काही उजाडत नसे.

एकदा यमुनाबाई बहिणीच्या लग्नाला गेल्या. शाळेच्या सहली येणार होत्या. प्रवाळ छान फुललेले दिसावे म्हणून मयेकरांनी दुप्पट सोडा घातला. यमुनाबाई परतल्या तेव्हा सगळ्यात मोठे, फांद्यांचे प्रवाळ पांढरेफटक पडले होते. त्याची कातडी सुटून पाण्यात तरंगत होती.

मयेकर कळवळून म्हणाले, "मी काय कमी केलं हो? पाणी बिघडलेलं दिसलं की लगेच सुधारत होतो."

यमुनाबाईंना आता रागवायचेही त्राण नव्हते. "साहेब, ते बिघडलेल्या पाण्यानं मेलं नाही. सारखं खालीवर होणाऱ्या पाण्यानं मेलं."

मग रोज किती सोडा घालायचा, ते मयेकरांनी पहिल्यांदाच नीट विचारून घेतले.

त्यानंतर ते रोज ठरल्या वेळी चमचाभर सोडा घालू लागले. एका सकाळी पाण्याचा पीएच उतरलेला दिसला. त्यांचा हात पुन्हा सोड्याच्या डब्यात गेला. रात्री तो उतरतो आणि सकाळी टाकीचे दिवे लागले की आपोआप चढतो, हे यमुनाबाईंनी हजारदा सांगितले होते. मयेकरांनी रोजचा एकच चमचा घातला, झाकण लावले आणि बाहेर जाऊन येरझाऱ्या घालत राहिले. दुपारपर्यंत पीएच आपला आपण जागेवर आला.

मोठे प्रवाळ गेले ते गेलेच. पण दिवाळीच्या सुमारास लहान तुकडे पुन्हा फुलले. मयेकरांनी मोठ्या अभिमानाने यमुनाबाईंना बोलावून दाखवले. त्यांनी टाकीकडे पाहिले, मयेकरांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "छान. आता उद्याही घाला."

तात्पर्य: आठवडाभराचे दुर्लक्ष एका दिवसाच्या मायेने भरून निघत नाही, जिवंत गोष्टीला रोजची, थोडी आणि सारखी काळजी लागते.