ओढ्याकाठचं बीळ

फार पूर्वी, बांधाबांधांवर अजून गवत माजायचं त्या काळी, एक उंदरीण बांधात बीळ करून पिलांसह राहत होती. त्या बिळाचं मागचं तोंड सारखं ढासळायचं.

शेवटी ती ओढ्यावर गेली. तिथे सगळेच पाण्याला येत. "माझ्या बिळाचं काहीतरी बिघडलंय, उपाय सांगा," ती म्हणाली.

"काय बिघडलंय ते कळल्याशिवाय कसला उपाय?" म्हातारा खेकडा म्हणाला. त्याचा जन्म ओल्या मातीत बिळं खणण्यात गेलेला.

"त्यापेक्षा घर कुठंय ते सांग ना, बाई," गवतातून धामण लाडानं म्हणाली. "मीच येऊन बघते."

धामणीला घर दाखवलं तर पिलं वाचणार नाहीत, हे उंदरिणीला ठाऊक होतं. पण गप्प बसून घर सावरणार नव्हतं. तिनं तिथंच काठावर, घरी खणलं होतं अगदी तसं बीळ खणलं. तेही ढासळलं.

"मागच्या तोंडाजवळच्या वळणावर फार रुंद खणतेस," खेकडा म्हणाला. "अरुंद ठेव, माती टिकेल."

"उपकार झाले, मामा," म्हणत उंदरीण लांबचा वळसा घालून घरी गेली. बीळ दुरुस्त झालं, पिलं निवांत झोपली.

धामण मात्र ओढ्याकाठच्या त्या रिकाम्या बिळापाशी अजून टपून बसते.