चौथा पाय

पूर्वी मिथिला नगरीत सुतेज नावाचा राजा राज्य करीत असताना, त्या नगरीपासून फार दूर, जिथे राजाचे नावही कुणाला ठाऊक नव्हते अशा अरण्यात बोधिसत्त्व एका अर्जुनवृक्षाची देवता होऊन राहत होता. तो वृक्ष नदीकाठी उभा होता. त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत होती. भर दुपारीही तिच्यावर चांदणे पडल्यासारखे वाटे. हत्तींचा एक कळप पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या सावलीत विसाव्याला येई.

त्या कळपाची नायिका गंधवती नावाची वृद्ध हत्तीण होती. तरुणपणी शिकाऱ्यांच्या खड्ड्यातला खुंट तिच्या डाव्या पुढच्या पायात शिरला होता. तेव्हापासून ती तो पाय पुरता टेकवीत नसे. तीन पावले भक्कम पडत, चौथे जमिनीला नुसते शिवून जाई. दाट बांबूच्या बनात, जिथे पुढच्याची शेपटीही दिसत नाही, तिथे सगळा कळप त्या आवाजामागून चाले. तो आवाज ऐकत पिल्ले वाढली, आणि त्यांनाही पिल्ले झाली.

एका उन्हाळ्याच्या तोंडी गंधवती टेकडीच्या उतारावर आडवी झाली, ती उठली नाही. कळप तिच्याभोवती उभा राहिला. ऊन चढले, उतरले, पुन्हा चढले. कुणी हलेना. तिची थोरली लेक शिरीषा पुढे झाली, तरी कुणी हलेना. मग काय झाले ते शिरीषाला स्वतःलाही नीट कळले नाही. तिने डावा पाय अर्धवट उचलला आणि ती आईसारखी चालू लागली. तीन पावले भक्कम, चौथे हलके. मागे पाचोळा वाजला. कळप निघाला होता.

त्या दिवसापासून शिरीषा लंगडू लागली. ती आईच्या वाटांनी जाई, आईच्या जागांवर थांबे. आई जिथे सोंड उंचावून वारा हुंगत असे, तिथे तीही सोंड उंचावी. पण आईने सोंड किती वेळ अशी धरली असती, याच विचारात ती असे. हुंगायचे राहून जाई.

तो उन्हाळा लांबला. आईच्या वाटेने शिरीषाने कळपाला आईच्या तळ्यावर नेले. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत वाळलेल्या शिंपल्या होत्या. तिथून ती नदीवर आली. नदीही वाळू होऊन निजली होती. पलीकडच्या टेकड्या उन्हात पायथ्यापासून सुटून तरंगत होत्या. दूर पाणी चकाके. पावले पुढे गेली की तेही तेवढेच पुढे सरके.

अर्जुनाच्या सावलीत येताच मुकुल खाली बसला. तो गंधवतीचे शेंडेफळ होता, शिरीषाचा धाकटा भाऊ. त्याने शिरीषाच्या पायाला सोंड गुंडाळली आणि डोळे मिटले. सोंड कोरडी होती.

कालिंदी मावशी, गंधवतीची पाठची बहीण, कान हलवीत जवळ आली. "ताई असती तर एव्हाना पाण्यात डुंबत असतो आपण."

शिरीषा मुकुलच्या कोरड्या सोंडेकडे पाहत राहिली.

"तिचा लंगडा पाय तेवढा उचलून आणलास, बाई. डोकं तिथंच ठेवलंस काय?" मावशी म्हणाली आणि मुकुलच्या अंगावर सावली पडेल अशी उभी राहिली. थोड्या वेळाने तिचेही डोळे मिटले. उभ्या उभ्या सगळा कळप पेंगू लागला. पान हलत नव्हते. शिरीषाला वाटले, आता हे सगळे असेच उभे राहतील, आणि हळूहळू दगड होतील.

तेव्हा झाडातून कुणी बोलले. आवाज म्हातारा होता, पण थकलेला नव्हता.

"कुठला पाय दुखतो तुझा, मुली?"

शिरीषाने वर पाहिले. जागी आहोत की झोपेत, हे तिला कळेना. "कुठलाच नाही," ती म्हणाली.

"मग डावा का जपतेस?"

"आईचा दुखायचा."

त्या आवाजात दटावणी नव्हती, म्हणूनच शिरीषाला पुढे बोलता आले. "मी सरळ चालले तर हे सगळे मागे येणार नाहीत. आणि..." ती थांबली. "मी सरळ चालले तर आई खरंच गेली, असं होईल."

"ती इथं थांबायची," देवता म्हणाली. "तुम्ही निजलात की तो पाय टेकवून पाहायची. टेकायचा नाही. एकदा मला म्हणाली, 'देवा, हा पाय बहिरा झाला. तीन पायांनी जमीन ऐकते मी. लेकीचे चारही शाबूत आहेत, तेवढं मात्र चांगलं झालं.'"

हे शिरीषाला ठाऊक नव्हते. आईने कधी सांगितले नव्हते. मग मुकुलच्या सोंडेचा विळखा तिने अलगद सोडवला, वाळूत उतरली आणि डावा पाय टेकवला. पुरता.

सवय सुटलेल्या पायाला आधी वाळू नुसतीच गरम लागली. शिरीषाने पाय उचलला नाही. हळूहळू तिच्या चारी पायांवर तिचे सगळे वजन आले. असे तिला फार दिवसांत वाटले नव्हते. आणि मग त्या पायाच्या तळव्यात, फार खालून, काहीतरी सरकत गेले. गोट्यांवरून गोटे घरंगळावेत तसे. ती चार पावले पुढे गेली, ते विरले. ती वळली, काठाशी आली. ते जवळ आले.

कालिंदी मावशीने डोळे उघडले. "कोण चाललंय? ही चाल कुणाची?"

"माझी, मावशी."

"ही चाल आम्हाला ठाऊक नाही."

"मलाही नाही," शिरीषा म्हणाली. "पण पाणी आहे."

"तुला कोण म्हणालं?"

"पायानं सांगितलं. डाव्या."

मावशीने सोंड झटकली. कळप काठावरच उभा राहिला. कुणी खाली उतरले नाही. आधीच्या शिरीषाने त्यांच्याकडे पाहिले असते आणि पाय पुन्हा उचलला असता. आता तिने पाहिले, आणि पाय तिथेच राहू दिला.

आवाज सर्वांत स्पष्ट जिथे होता, तिथे अर्जुनाची मुळे वाळूत उतरली होती. शिरीषा थबकली. "इथं खणलं तर तू पडशील," ती झाडाला म्हणाली.

बोधिसत्त्वाने खाली पाहिले. ती मुळे त्याने किती पावसाळ्यांत एकेक करून खाली सोडली होती. झाडाला पळता येत नाही. भीती आली की त्याला तिच्यातच उभे राहावे लागते. तो क्षणभर तसा उभा राहिला. मग मुकुलचा श्वास त्याला ऐकू आला.

"खण," तो म्हणाला. "मुळं तुटतील तशी तुटू देत."

शिरीषा खणू लागली. वरची वाळू परत परत ढासळत होती. एक मूळ तुटले, पांढरे, मग दुसरे. काही वेळाने वाळूचा रंग बदलला आणि ओलीचा वास वर आला. तो वास काठापर्यंत गेला.

"सरक," मागून मावशी म्हणाली. "नखांनी नाही गं उकरायचं. पाय मागे ओढ, असा." आणि ती शेजारी येऊन खणू लागली.

पाणी आले ते गढूळ, ओंजळभर. शिरीषाने ते सोंडेत घेतले आणि मुकुलच्या तोंडात सोडले. बाकीचे थांबले. त्याने एक कान हलवला तेव्हा कुठे इतरांनी सोंडा पुढे केल्या.

कळप निघाला तेव्हा मावशी शिरीषाच्या मागे जाऊन उभी राहिली. "चल," ती म्हणाली. "नवा आवाज आहे, कान बसायला वेळ लागेल. चुकलो तर हाक मारू." बांबूच्या बनात चार भक्कम पावले वाजू लागली. टेकडीच्या उतारावर गंधवतीच्या हाडांपाशी शिरीषा थांबली. तिने हाडांवरून सोंड फिरवली. तिचा डावा पाय आपोआप उचलला गेला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग तिने तो खाली ठेवला आणि ती पुढे गेली.

पुढे एका महापुरात तो अर्जुनवृक्ष आडवा झाला. देवता दुसऱ्या वृक्षात राहायला गेली. तरी कळप त्या वाटेने जाताना प्रत्येकजण त्या पांढुरक्या खोडाला सोंड लावूनच पुढे जाई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका तरुण भिक्षुणीला सांगितली. तिची आचार्या निवर्तल्यावर ती आचार्येच्याच संथ आवाजात गाथा म्हणू लागली होती, आणि आचार्येसारखीच दर गाथेनंतर खोकत होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची गंधवती ती तुझी आचार्या. कालिंदी ही तुमच्या संघातली वडीलधारी थेरी, जिच्या बोलण्याची तुला धास्ती वाटते. मुकुल हा दाराशी बसलेला नवशिका श्रामणेर. वृक्षदेवता मीच होतो. आणि शिरीषा तू होतीस. जो पाय शाबूत आहे तो शाबूत म्हणून टेकवणे, ही सत्य-पारमिता, सत्याची परिपूर्णता. आपल्यावरचा विश्वास तिच्यातूनच उगवतो. तो कुणाकडून उसना मिळत नाही."

भिक्षुणीने वंदन केले आणि गाथा म्हणायला सुरुवात केली. तिचा आवाज बारीक होता, थोडा कापत होता. गाथा संपली. सगळे खोकल्याची वाट पाहत राहिले. तिने पुढली गाथा सुरू केली.